जोडणीसोबत आलेले न्यूजग्रुप

यूजनेट या विषयवार चर्चागटांच्या, म्हणजे न्यूजग्रुपांच्या, जाळ्याला मुख्यालय नव्हते, मालक नव्हता आणि मध्यवर्ती संगणकही नव्हता. एका सर्व्हरवर टाकलेला लेख शेजारच्या सर्व्हरकडे जाई, तिथून त्याच्या शेजाऱ्यांकडे, आणि असा हातोहात जगभर पसरे. प्रत्येक सर्व्हर आपल्याकडे आलेल्या लेखाची पूर्ण प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवी आणि ठरावीक दिवसांनी पुसून टाकी. वाचणारा वाचत असे ती त्याच्या विद्यापीठाच्या, कचेरीच्या किंवा इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरची ही स्थानिक प्रत. साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत अमेरिका-युरोपातल्या इंटरनेट कंपन्यांनी ही सोय मासिक वर्गणीतच ग्राहकांना दिली, आणि नंतर एकीमागून एकीने ती काढून घेतली. दोन्हींचे मूळ त्या डिस्कवरच्या प्रतीत आहे. प्रत घरात होती म्हणून वाचन झटपट आणि स्वस्तात होई. प्रत घरात होती म्हणूनच तिच्या साठवणुकीचा खर्च आणि तिच्यातल्या मजकुराचे उत्तरदायित्व कंपनीच्या गळ्यात पडले.

ही व्यवस्था इंटरनेट कंपन्यांच्या बरीच आधीची आहे. १९७९च्या अखेरीस अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ड्यूक विद्यापीठात शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना युनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या बातम्या आणि अडीअडचणी एकमेकांना कळवण्याचे साधन हवे होते. त्या वेळचे आर्पानेट हे संगणकजाळे संरक्षण खात्याच्या कामाशी बांधलेल्या निवडक संस्थांपुरते होते. शेजारच्या चॅपेल हिल येथील विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने काही शेल स्क्रिप्ट लिहून पहिला नमुना तयार केला. ड्यूकची दोन आणि चॅपेल हिलचे एक अशी तीन यंत्रे साध्या फोनलाइनवरून बोलू लागली. जानेवारी १९८०मध्ये बोल्डर येथे भरलेल्या, युनिक्स वापरणाऱ्यांच्या यूझनिक्स या संघटनेच्या परिषदेत या जाळ्यात सामील होण्याचे आवाहन करणारे पत्रक वाटण्यात आले. दिवसाला एखाददुसरा लेख येईल, असा कर्त्यांचा अंदाज होता.

अंदाज लवकरच चुकला, आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो फोनच्या बिलाचा. यंत्रे यूयूसीपी या पद्धतीने एकमेकांना फोन लावत. दर स्वस्त म्हणून बहुधा रात्री. लांबच्या गावी फोन लावायचा तर पैसे कोणी भरायचे? ते बिल काही मोठ्या संस्थांनी निमूटपणे सोसले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे ‘डेकव्हॅक्स’ आणि बेल लॅबोरेटरीजचे ‘आयएचएनपी४’ ही यंत्रे त्या काळी जवळपास प्रत्येक लेखाच्या वाटेवर असत. अशा मोजक्या यंत्रांच्या साखळीला ‘कणा’ म्हटले जाऊ लागले आणि ती सांभाळणाऱ्या प्रशासकांना अघोषित सत्ता मिळाली. जो लेख वाहून नेतो, तो कोणता न्यायचा नाही हेही ठरवू शकतो. १९८६-८७ मध्ये याच मंडळींनी गटांची सरसकट नवी नावे ठेवली. संगणकासाठी ‘कॉम्प’, विज्ञानासाठी ‘साय’, छंदांसाठी ‘रेक’, समाजासाठी ‘सॉक’, वादांसाठी ‘टॉक’, शिवाय ‘न्यूज’ आणि ‘मिस्क’ अशी सात कुळे ठरली. १९९५ मध्ये ‘ह्युमॅनिटीज’ची भर पडली आणि त्यांना ‘बिग एट’ म्हणू लागले.

नावे ठेवण्याचा अधिकार हाती आला की नावे नाकारण्याचाही येतो. अमली पदार्थांवरच्या चर्चेसाठी मागितलेला गट कण्याच्या मंडळींनी वाहायचे नाकारले. पाककृतींच्या गटाला त्यांनी दिलेले नाव तो चालवणाऱ्या ब्रायन रीडला पसंत नव्हते. मे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावच्या एका खाणावळीत रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट जमले आणि कण्याला वळसा घालून आपल्या यंत्रांमधून ‘ऑल्ट’ हे वेगळे कूळ चालवायचे त्यांनी ठरवले. बिग एटमध्ये नव्या गटासाठी चर्चा आणि मतदान लागे. ‘ऑल्ट’मध्ये कोणीही उठून गट काढावा. गंमत, गाणी, धर्मचिकित्सा, लैंगिकता, पुढे चित्रे आणि सॉफ्टवेअर हे सगळे या कुळात साठत गेले. वीस वर्षांनी इंटरनेट कंपन्यांनी कात्री हातात घेतली तेव्हा ती सर्वांत आधी याच कुळावर चालली.

मजकूर पोचवण्याची पद्धतही याच सुमारास बदलली. फेब्रुवारी १९८६मध्ये ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी एनएनटीपी हा संकेत प्रसिद्ध केला. त्यामुळे लेख फोनवरून गठ्ठ्यांनी जाण्याऐवजी इंटरनेटवरून सलग जाऊ लागले आणि सर्व्हरवर बसून वाचण्याची गरज उरली नाही; दुसऱ्या यंत्रावरून वाचता येऊ लागले. दोन सर्व्हरमधला व्यवहार अगदी त्रोटक असे. एक म्हणे, अमुक क्रमांकाचा लेख माझ्याकडे आहे. दुसरा आपली नोंदवही तपासून ३३५ हा आकडा पाठवी, म्हणजे ‘दे’. किंवा ४३५, म्हणजे ‘नको’. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर त्याचा जगात एकमेव असलेला क्रमांक असे. ‘पाथ’ नावाच्या ओळीत तो ज्या ज्या यंत्रांतून आला त्यांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून लिहिलेली असत. नोंदीतला क्रमांक आणि पाथमधले नाव, एवढ्या दोन गोष्टींमुळे लेख फिरून फिरून त्याच दारी येत नसे. सर्व्हरच्या डिस्कवर प्रत्येक गटाची एक डिरेक्टरी आणि तिच्यात प्रत्येक लेखाची एक फाइल, असा सरळ हिशेब होता. जागा भरत आली की जुन्या फाइली पुसायच्या. त्यामुळे कोणता गट किती दिवस ठेवायचा, याचा निर्णय जगभर हजारो प्रशासक आपापल्या डिस्ककडे पाहून घेत.

विद्यापीठाबाहेरच्या माणसाला हा मजकूर विकत देणारी पहिली मोठी संस्था म्हणजे यूयूनेट. भूकंप-संशोधन केंद्रातले ‘सिस्मो’ हे वर्दळीचे यंत्र सांभाळणाऱ्या रिक ॲडम्सने १९८७ मध्ये यूझनिक्स संघटनेच्या आर्थिक मदतीने व्हर्जिनियात ती काढली. यूजनेटचा पूर्ण ओघ, म्हणजे ‘फीड’, हवा असेल त्याने यूयूनेटला पैसे द्यावेत आणि घ्यावा. कण्याची सत्ता आणि फोनबिलाची भीक, दोन्हींचा शेवट या एका व्यवहाराने झाला. पाठोपाठ सामान्य घरांना जोडणी देणारे आले. बॅरी शाइनने १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ‘द वर्ल्ड’ सुरू केले, न्यूयॉर्कमध्ये ‘पॅनिक्स’ निघाले, कॅलिफोर्नियात ‘नेटकॉम’ वाढली, ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये क्लिफ स्टॅनफर्डची ‘डेमन इंटरनेट’ महिना दहा पौंडांत घरोघरी जोडणी देऊ लागली. वेब अजून बाल्यावस्थेत होते. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची जाहीर ओळख करून दिली ती ऑगस्ट १९९१ मध्ये ‘ऑल्ट.हायपरटेक्स्ट’ या न्यूजग्रुपवर. त्याच महिन्यात लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली वार्ता ‘कॉम्प.ओएस.मिनिक्स’वर टाकली. पैसे भरून इंटरनेट घ्यायचे ते कशासाठी, याचे त्या काळचे उत्तर ‘ईमेल आणि न्यूज’ असे होते. नव्या ग्राहकाला मिळणाऱ्या माहितीपत्रकावर मेल येण्याचा सर्व्हर, मेल जाण्याचा सर्व्हर आणि न्यूज सर्व्हर अशी तीन नावे शेजारी शेजारी छापलेली असत. नेटस्केप किंवा आउटलुक एक्सप्रेसमध्ये तिसरे नाव भरले की काम झाले.

या नव्या दारांतून आत आलेल्या माणसांची संख्या जुन्या रहिवाशांना झेपली नाही. विद्यापीठांमुळे यूजनेटला एक वार्षिक चक्र लागलेले होते. दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी येत, नको तिथे नको ते विचारत, जुने त्यांना दटावत आणि दिवाळीच्या सुमारास सारे स्थिरस्थावर होई. १९९४च्या सुरुवातीला अमेरिका ऑनलाइन म्हणजे एओएलने आपल्या ग्राहकांना न्यूजग्रुप खुले केले. त्याच वर्षी त्यांची संख्या दहा लाखांवर गेली. आता नवखे बाराही महिने येत होते. १९९३चा सप्टेंबर कधी संपलाच नाही, अशी कुचेष्टा तेव्हापासून रूढ झाली आणि ‘न संपणारा सप्टेंबर’ हे त्या कालखंडाचे नावच पडले. जुन्यांच्या या तक्रारीत थोडा तोरा होता हे मान्य केले, तरी एक गोष्ट खरी होती. विद्यापीठाचा प्रशासक आपल्या विद्यार्थ्याला खोलीत बोलावून समज देऊ शकत होता. लाखो वर्गणीदारांच्या कंपनीकडे तशी खोलीच नव्हती.

१२ एप्रिल १९९४ रोजी याचा पुरावा मिळाला. ॲरिझोनातल्या फीनिक्सचे वकील दांपत्य लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल यांनी अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात पाच हजारांहून अधिक न्यूजग्रुपांवर टाकली. एकच लेख अनेक गटांत दाखवण्याची सोय यूजनेटमध्ये होती. तशा लेखाची सर्व्हरवर एकच प्रत राही आणि वाचकाला तो एकदाच दिसे. या दांपत्याने तसे न करता प्रत्येक गटासाठी स्वतंत्र प्रत पाठवली. पाच गट वाचणाऱ्याला ती पाचदा वाचावी लागली आणि जगातल्या प्रत्येक सर्व्हरला ती हजारो वेळा साठवावी लागली. संतापलेल्या वाचकांनी त्यांना जोडणी देणाऱ्या ‘इंटरनेट डायरेक्ट’ या स्थानिक कंपनीकडे इतके तक्रारींचे मेल पाठवले की तिची यंत्रे कोलमडली आणि कंपनीने त्यांचे खाते बंद केले. नॉर्वेतल्या आर्न्ट गुलब्रान्सनने त्यांचे लेख शोधून रद्द करणारा प्रोग्राम लिहिला. गटावरचा उपद्रव कंपनीच्या दारात नेऊन टाकायचा, हा शिरस्ता इथे पडला. पुढे त्याला ‘यूजनेट मृत्युदंड’ असे भयंकर नाव मिळाले. एखाद्या कंपनीचे ग्राहक जाहिरातींचा मारा करत राहिले आणि कंपनी ढिम्म राहिली, तर त्या कंपनीतून येणारा प्रत्येक लेख स्वयंसेवकांनी रद्द करायचा. ऑगस्ट १९९७ मध्ये हा दंड खुद्द यूयूनेटवर बजावला गेला आणि जवळपास आठवडाभर टिकला. ज्या कंपनीने यूजनेटचा ओघ विकायला सुरुवात केली, तिचाच ओघ तोडला गेला. दंड देणाऱ्यांपैकी कोणाकडेही कसला कायदेशीर अधिकार नव्हता, तरी यूयूनेटला आपली शिस्त सुधारावी लागली.

भारतीयांच्या वाट्याला हे जग प्रामुख्याने परदेशातल्या विद्यापीठांमधून आले. ‘सॉक.कल्चर.इंडियन’ हा गट अमेरिकेत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या गप्पांचा, भांडणांचा आणि खोलीभागीदार शोधण्याचा अड्डा होता. त्याच्या पोटातून भाषावार गट निघाले, ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा त्यांतला एक. मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे, कारण यूजनेटचा संकेत सात बिटांच्या इंग्रजी अक्षरमालेवर बेतलेला होता. रोमन लिपीतल्या मजकुरावरून देवनागरी छापून देणारा अविनाश चोपडे यांचा ‘आयट्रान्स’ हा प्रोग्राम १९९०च्या दशकात या वर्तुळात चांगलाच रुळला. हिंदी चित्रपटगीतांची चर्चा करणाऱ्या ‘रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क’ या गटातल्या रसिकांनी गाण्यांचे शब्द त्याच पद्धतीने टंकून मोठा संग्रह उभा केला.

प्रत्यक्ष भारतात मात्र ओघ अरुंद होता. मुंबईत जुहूला असलेल्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेने अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या वतीने १९८०च्या दशकाच्या शेवटी यूयूनेटशी संपर्क जोडला, तो सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाच्या लाइनीवर. ही लाइन चोवीस तास अखंड चालली तरी दिवसाला फार तर शंभर मेगाबाइट वाहून नेणार, आणि देशातल्या आयआयटी व इतर संस्थांचे परदेशी ईमेल त्याच लाइनीवर. अशा स्थितीत सगळे न्यूजग्रुप मागवण्याचा प्रश्नच येत नव्हता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकांना इंटरनेट खुले केले, तेही वर्षाला हजारो रुपये मोजू शकणाऱ्यांना. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली ती १९९८च्या शेवटी. तोवर वेब सर्वत्र पोचले होते आणि जुने-नवे न्यूजग्रुप ‘डेजा न्यूज’ या संकेतस्थळावरून ब्राउझरमध्येच वाचता येत होते. त्यामुळे जोडणीसोबत न्यूज सर्व्हर मिळणे ही सवय भारतात अमेरिकेसारखी मुरलीच नाही. पुढचा सारा तंटा पश्चिमेकडचा आहे.

तंट्याचा मुद्दा असा : कंपनी ही टपाल खात्यासारखी केवळ वाहक, की वर्तमानपत्रासारखी प्रकाशक? न्यूज सर्व्हर या दोहोंत कुठेच नीट बसत नव्हता. तो मजकूर वाचल्याशिवाय पुढे पाठवी, पण त्याची प्रत काही दिवस स्वतःकडे ठेवून ग्राहकांना दाखवीही. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी पंथाच्या प्रकाशनसंस्थेने नेटकॉमला कोर्टात खेचले. पंथाच्या एका माजी धर्मोपदेशकाने संस्थापकाच्या लिखाणातले उतारे ‘ऑल्ट.रिलिजन.सायंटॉलॉजी’वर टाकले होते. तो नेटकॉमचा ग्राहकसुद्धा नव्हता. तो एका छोट्या बुलेटिन बोर्डाचा सभासद होता आणि तो बोर्ड नेटकॉममार्फत जोडला होता. बोर्डावर लेख तीन दिवस राही, नेटकॉमच्या सर्व्हरवर अकरा दिवस. त्या एका माणसाला रोखायचे तर बोर्डाच्या शेकडो सभासदांची जोडणी तोडावी लागेल, असे नेटकॉमचे म्हणणे होते. कॅलिफोर्नियातले न्यायाधीश रोनाल्ड व्हाइट यांनी निकालात फरक केला : यंत्राने आपोआप केलेल्या प्रतीबद्दल कंपनी थेट दोषी नाही, पण कळवल्यानंतरही ती प्रत राहू दिली तर साथ दिल्याचा दोष लागू शकतो. १९९८च्या अमेरिकी डिजिटल कॉपीराइट कायद्याने याच विचाराला चौकट दिली. ब्रिटनमध्ये हाच विचार डेमनला महागात पडला. ‘सॉक.कल्चर.थाय’ या गटावर लॉरेन्स गॉडफ्रे यांच्या नावाने कोणीतरी खोटा, ओंगळ लेख टाकला. तो काढावा, असे त्यांनी जानेवारी १९९७ मध्ये डेमनला फॅक्सने कळवले. कंपनीने काही केले नाही. नेहमीच्या मुदतीनंतर आपोआप पुसला जाईपर्यंत तो सर्व्हरवर राहिला. १९९९ मध्ये न्यायालयाने कळवल्यानंतरच्या दिवसांबद्दल डेमनचा बचाव फेटाळला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने १५,००० पौंड भरपाई आणि खटल्याचा खर्च देऊन प्रकरण मिटवले. तो लेख डेमनच्या सर्व्हरवर जेमतेम पंधरवडाभर होता.

फौजदारी बाजू याहून कडक निघाली. डिसेंबर १९९५ मध्ये बव्हेरियातल्या सरकारी वकिलांनी अश्लील मजकुराची चौकशी सुरू केली, तेव्हा काँप्युसर्व्ह या ऑनलाइन सेवा देणाऱ्या अमेरिकी कंपनीने दोनशेहून अधिक न्यूजग्रुप बंद केले. केवळ जर्मन ग्राहकांपुरते ते बंद करण्याची तांत्रिक सोय कंपनीकडे नव्हती, म्हणून म्युनिकच्या चौकशीपायी जगभरच्या चाळीस लाख ग्राहकांच्या पडद्यांवरून ते गेले. त्यांत आरोग्यावरची आणि समलिंगी व्यक्तींच्या आधाराची चर्चाही होती. फेब्रुवारीत बहुतेक गट परत आले. तरीही काँप्युसर्व्हच्या जर्मन शाखेचे प्रमुख फेलिक्स सोम यांना मे १९९८ मध्ये दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. खुद्द सरकारी वकिलानेच निर्दोष मुक्ततेची मागणी केली होती, हे या खटल्याचे वैशिष्ट्य. पुढच्या वर्षी अपिलात ते सुटले. मे १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ‘वर्ल्डनेट’ आणि ‘फ्रान्सनेट’ या कंपन्यांच्या प्रमुखांना न्यूजग्रुपांवरच्या बालअश्लील चित्रांवरून अटक झाली आणि निषेध म्हणून तिथल्या कंपन्यांनी न्यूजग्रुपच तोडले. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या पोलिसांनी १३३ गटांची यादी ब्रिटिश कंपन्यांना धाडली; त्या दबावातून इंटरनेट वॉच फाउंडेशन ही देखरेख संस्था जन्माला आली. न्यूयॉर्क राज्यात ‘बफनेट’ या छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर १९९८ मध्ये धाड पडली आणि २००१ मध्ये तिने गुन्ह्याला साहाय्य केल्याची कबुली दिली. अशा मजकुराचे समर्थन कोणी करत नव्हते. पण आपण न लिहिलेल्या, न पाहिलेल्या फाइलीबद्दल आपली यंत्रे पोलीस उचलून नेऊ शकतात, ही जाणीव त्यानंतर प्रत्येक कंपनीच्या कायदा विभागात रुजली.

इकडे खर्चही वाढत होता, तोही चर्चेपायी नाही. चर्चेचा मजकूर हलका असतो. जड होत्या त्या ‘ऑल्ट.बायनरीज’ गटांतल्या चित्र, संगीत, चित्रपट आणि सॉफ्टवेअरच्या फाइली. यूजनेट फक्त अक्षरे वाहते, म्हणून फाइलींचे अक्षरांत रूपांतर करून, तुकडे पाडून त्या टाकल्या जात. २००१ मध्ये आलेल्या ‘वायएन्क’ पद्धतीने हे रूपांतर आटोपशीर झाले आणि टाकणाऱ्यांचा हात आणखी सैल सुटला. अल्टोपिया या सेवादात्याच्या मोजणीप्रमाणे १९९६च्या अखेरीस दिवसाचा पूर्ण ओघ साडेचार गिगाबाइट होता. जानेवारी २०००मध्ये तो ८० गिगाबाइटच्या पुढे गेला, २००४ मध्ये एक टेराबाइटच्या घरात आणि २०१०च्या सुरुवातीला पाच टेराबाइटच्या वर. शंभर तुकड्यांपैकी एक जरी हरवला तरी फाइल निकामी, म्हणून ग्राहक ओघ पूर्ण असल्याचा आग्रह धरत. आणि दोनच दिवसांत पुसले जाते म्हणून ओरडत. एवढ्या डिस्का विकत घेण्यापेक्षा अनेक कंपन्यांनी हे काम घाऊक सेवादात्यांकडे सोपवले. टेक्सासच्या एका इंटरनेट कंपनीतून निघालेली ‘गिगान्यूज’ त्यांतली मोठी. कॉमकास्टचे ग्राहक तिचाच सर्व्हर वापरत, महिन्याला ठरवून दिलेल्या मर्यादेत. ज्याला यापेक्षा जास्त हवे त्याने गिगान्यूजला वेगळे पैसे द्यावेत. वर्गणीतली सोय आणि वेगळी विकायची वस्तू यांच्यातली रेघ इथेच पुसट झाली.

एओएलच्या बाबतीत खर्च आणि कायदा एकत्र आले. विज्ञानकथाकार हार्लन एलिसन यांच्या कथा २०००मध्ये कोणीतरी स्कॅन करून ‘ऑल्ट.बायनरीज.ई-बुक’वर टाकल्या. त्यांच्या वकिलाने एओएलने कॉपीराइट तक्रारींसाठी नोंदवलेल्या पत्त्यावर ईमेल धाडले. पण एओएलने तो पत्ता बदलला होता आणि सरकारी नोंदीत बदल वेळेवर कळवला नव्हता. मेल कोणालाच मिळाले नाही. कथा एओएलच्या सर्व्हरवर नेहमीप्रमाणे चौदा दिवस राहिल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की कंपनीला हे ठाऊक असायला हवे होते की नाही, हा प्रश्न ज्यूरीपुढे जाण्याजोगा आहे. त्याच वर्षी एओएलने एलिसन यांच्याशी तडजोड केली. २००५च्या सुरुवातीला तिने न्यूजग्रुप बंद केले. ज्या कंपनीच्या येण्याने ‘न संपणारा सप्टेंबर’ सुरू झाला, तिच्या जाण्याने तो संपला, असे विनोद गटांवर चालले.

शेवटचा धक्का न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू क्युओमो यांनी दिला. जून २००८ मध्ये त्यांनी व्हेरायझन, टाइम वॉर्नर केबल आणि स्प्रिंट यांच्याशी बालअश्लील चित्रे रोखण्याचा करार जाहीर केला. त्यांच्या कचेरीला अशी चित्रे ८८ न्यूजग्रुपांवर सापडली होती. ते ८८ गट काढून टाकणे तांत्रिकदृष्ट्या काही मिनिटांचे काम होते. स्प्रिंटने त्याऐवजी ‘ऑल्ट’चे सबंध कूळ काढले, व्हेरायझनने बिग एट सोडून बाकी सारे काढले आणि टाइम वॉर्नरने न्यूज सर्व्हरच बंद केला. कर्करोगाच्या रुग्णांचा ‘ऑल्ट.सपोर्ट.कॅन्सर’ही त्यात गेला. क्युओमोंनी एवढे मागितले नव्हते. खर्चिक आणि घटते ग्राहक असलेली सेवा नीतिमत्तेच्या नावावर बंद करण्याची संधी कंपन्यांना मिळाली आणि त्यांनी ती घेतली, असा निष्कर्ष टाळता येत नाही. पुढचा क्रम भराभर आहे. एटी अँड टीने आधी ‘ऑल्ट.बायनरीज’ काढले, कॉमकास्टने ऑक्टोबर २००८ मध्ये सोय थांबवली, जुलै २००९ मध्ये एटी अँड टीने आणि सप्टेंबरअखेर व्हेरायझनने उरलेसुरले सर्व्हर बंद केले, जून २०१० मध्ये कॉक्सने. मे २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठाने घटता वापर आणि वाढता खर्च असे कारण देऊन आपलाही न्यूज सर्व्हर मिटला. मायक्रोसॉफ्टने उत्पादनांच्या मदतीसाठी चालवलेले न्यूजग्रुपही त्याच वर्षी गुंडाळायला घेतले.

यूजनेट त्यामुळे बंद पडले नाही. पडणे शक्यही नव्हते, कारण बंद करायला मध्यवर्ती असे काही नव्हते. वाचकांची विभागणी मात्र झाली. फाइली उतरवणारे गिगान्यूजसारख्या सेवांचे मासिक ग्राहक झाले. तिथे लेख महिनोन्महिने, पुढे तर वर्षानुवर्षे टिकू लागले, आणि जुने पुसण्याची प्रथा जवळजवळ मोडीत निघाली. चर्चा करणारे विनामूल्य, केवळ मजकूर देणाऱ्या स्वयंसेवी सर्व्हरांकडे गेले. त्यांतल्या एका लोकप्रिय सर्व्हरने ‘इटर्नल सप्टेंबर’, म्हणजे ‘न संपणारा सप्टेंबर’, हेच नाव घेतले. तिसरी वाट गूगलची होती. डेजा न्यूजचा संग्रह गूगलने फेब्रुवारी २००१ मध्ये विकत घेतला. त्यात टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून चुंबकी फितींवर जपलेला मजकूर मिळवून, वर्षअखेरीस वीस वर्षांचा शोधता येण्याजोगा साठा खुला केला. कंपन्यांचे सर्व्हर गेल्यानंतर अनेकांसाठी न्यूजग्रुप म्हणजे गूगल ग्रुप्स एवढेच उरले, आणि त्या वाटेने जाहिरातींचा कचराही पुष्कळ आला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूजनेटवर नवे लेख टाकण्याची, वाचण्याची आणि इतर सर्व्हरांशी देवाणघेवाण करण्याची सोय थांबवली. त्या तारखेपर्यंतचा जुना साठा तेवढा शोधता येतो. नव्या लेखांसाठी आता वाचकाला पूर्वी कंपनीच्या माहितीपत्रकावर छापून येणारे न्यूज सर्व्हरचे नाव स्वतः शोधून, वेगळे खाते उघडून भरावे लागते.